डोंबिवली ते बी.ए., मार्गे खोपट

वासंतीबाई खराड्यांना बी.ए. व्हायचं होतं आणि डोंबिवलीत त्याला कोणाचीही हरकत नव्हती. डोंबिवलीत हरकत कोणी घेत नाही, सल्ला देतात. हरकतीला निदान उत्तर देता येतं. सल्ल्याला चहा द्यावा लागतो.

सुरुवात झाली ती नवचैतन्य सोसायटीच्या वार्षिक सभेत. गच्चीच्या गळतीचा विषय चालला होता. वासंतीबाईंनी उभं राहून विचारलं, की गेल्या सभेत एक ठराव झाला होता, तो बदलायचा तर आधी तो रद्द करायला नको का? प्रश्न साधा होता, सरळ होता आणि दुर्दैवाने बरोबर होता. सेक्रेटरी केदार लिमये यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गोड हसले आणि म्हणाले, "वहिनी, हे जरा टेक्निकल आहे. पोपटराव तुम्हाला घरी गेल्यावर नीट समजावतील."

आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पोपटरावांनी मान डोलावली. लिमयांना वासंतीबाईंनी एखाद वेळी माफही केलं असतं, कारण सेक्रेटरी हा प्राणी माफ करण्यासाठीच निवडून दिलेला असतो. पण ती मान! घरी आल्यावर पोपटरावांनी खरंच समजावायला सुरुवात केली, आणि ठराव म्हणजे काय हे त्यांनाच ठाऊक नाही हे तिसऱ्या वाक्याला उघड झालं. तरी ते अर्धा तास बोलले.

पोपटरावांचा यात तसा दोष नव्हता. त्यांची सगळी नोकरी ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत, चौकशीच्या खिडकीमागे गेली. समोरच्याने "शिर्डी" एवढं म्हणायचा अवकाश, पोपटराव वेळ, फलाट आणि गाडी कुठे थांबेल ते सांगून पुढच्याकडे बघायचे. प्रश्न पुरा होईपर्यंत थांबायची चैन त्या खिडकीला परवडणारी नव्हती. गाड्यांच्या बाबतीत ते कधी चुकले नाहीत, हे त्यांचे दुष्मनही कबूल करतील. पण निवृत्तीनंतर गाड्या गेल्या आणि खिडकी राहिली. आता ते क्रिकेट, मुतखडा, राज्यघटना, काहीही विचारा, त्याच वेगाने सांगत. डॉक्टरांनी वासंतीबाईंना "कुठे दुखतंय?" विचारलं की पोपटराव म्हणत, "डावीकडे." दुखत असे उजवीकडे.

तर वासंतीबाईंनी ठरवलं की शिकायचं, आणि राज्यशास्त्रच शिकायचं. बघतेच आता कोण कोणाला टेक्निकल सांगतं ते. ठाण्याच्या एका कॉलेजात मोठ्या वयाच्या लोकांसाठी बी.ए.चा संध्याकाळचा वर्ग चालत होता. एक लेखी चाचणी, एक मुलाखत, मग प्रवेश. मात्र ही शेवटची तुकडी होती. पुढच्या वर्षापासून त्या खोल्यांमध्ये ॲनिमेशन शिकवणार होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

बातमी गुप्त ठेवायची होती. ती पोपटरावांना सांगितल्यामुळे संध्याकाळपर्यंत वॉचमननेही अभिनंदन केलं.

सूनबाई दक्षता एका कंपनीत माणसं पारखायच्या खात्यात होती. तिथे चाचणी घेतल्याशिवाय शिपायालाही पाणी आणू देत नाहीत. ती म्हणाली, "आई, पुस्तकं उघडायच्या आधी तुमची लर्निंग स्टाईल कळली पाहिजे. कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी लिहून, कोणी हाताने करून."

"आणि कोणी न शिकताच सांगतं," वासंतीबाई पोपटरावांकडे बघत म्हणाल्या.

"ते पाचवं," पोपटराव म्हणाले. त्यांना पाचवा प्रकार कोणता हे माहीत नव्हतं, पण क्रमांक बरोबर होता.

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर असली चाचणी घेणारं एक अध्ययन-मार्गदर्शन केंद्र होतं. आतमध्ये प्राप्ती मॅडम नावाची तरतरीत मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने वासंतीबाईंना समोर बसवलं. पोपटराव आपण होऊन बाजूला बसले.

"काकू, अगदी रिलॅक्स व्हा. बरोबर-चूक असं काही नसतं," प्राप्ती म्हणाली. "समजा, तुम्हाला एका नवीन ठिकाणी जायचंय. तुम्ही नकाशा बघता, कोणाला विचारता, की सरळ चालायला लागता?"

"बोर्ड वाचते," पोपटराव म्हणाले. "माणसाने बोर्ड वाचावा. एवढे मोठे बोर्ड लावलेले असतात, पब्लिक वाचत नाही. हाच तर सगळा घोटाळा आहे."

"काकू, तुम्ही सांगा ना."

"तिला सवय नाही. विचारा पुढचं."

वासंतीबाई नवीन ठिकाणी जाताना पहिल्या भेटेल त्या बाईला विचारत, तिच्याशी चार गोष्टी बोलत, आणि तिने सांगितलेल्या रस्त्याच्या बरोबर उलट जाऊन पोचत. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा प्राप्ती दुसऱ्या प्रश्नावर गेली होती. नवीन पदार्थ कसा शिकता? "पुस्तकात बघून," पोपटराव म्हणाले. त्या घरात स्वयंपाकाचं पुस्तकच नव्हतं. फोन नंबर लक्षात कसे ठेवता? "माझ्या लक्षात असतात." राग आला की काय करता?

"तिला राग येत नाही," पोपटराव अभिमानाने म्हणाले.

वासंतीबाईंना त्या क्षणी जो राग आला होता त्यावर दोन माणसांचा चहा झाला असता.

अहवाल आला तो रंगीत, स्पायरल बाइंडिंग केलेला. बाइंडिंग केलेल्या गोष्टीवर मध्यमवर्गीय माणूस शंका घेत नाही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की श्रीमती वासंती खराडे या 'दृश्य अध्ययनकर्त्या' असून त्यांना तक्ते, फलक, रंग आणि बाण यांतून उत्तम शिकता येईल. त्या अहवालात वासंतीबाई कुठेच नव्हत्या, होते ते सगळे पोपटराव होते. पण दक्षता म्हणाली, "बघा, सायंटिफिक आहे!" आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यासारखं सगळं घर कामाला लागलं.

तक्ते करायचं काम अर्थातच पोपटरावांनी घेतलं. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला काही लिहायलाच मिळालं नव्हतं. त्यांनी पिवळे पुठ्ठे आणले, लाल रंग आणला आणि सगळी राज्यघटना एसटीच्या पाट्यांवर चढवली. 'राष्ट्रपती, मार्गे उपराष्ट्रपती.' 'मूलभूत हक्क, विनाथांबा.' 'ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद, मार्गे पंचायत समिती, जलद.' जागा मिळेल तिथे पाट्या लागल्या. फ्रीजवर केंद्र सरकार, कपाटावर राज्य सरकार, डाळीच्या डब्यावर धनविधेयक. लोकसभेला हॉल मिळाला. राज्यसभेसाठी मोठा दरवाजा हवा होता आणि रिकामा दरवाजा घरात एकच उरला होता. मीटर बघायला आलेला माणूस हात धुवायला म्हणून आत गेला आणि राज्यसभेसमोर अदबीने उभा राहिला. "आत जाऊ ना, की कोणाला विचारायचंय?" असं त्याने विचारल्यावर वासंतीबाईंना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मग निशाताई आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या निशाताई वास्तुशास्त्र बघतात. फी घेत नाहीत, म्हणून त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी हॉलच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तक्ते ठीक आहेत हो, पण तोंड कुठे आहे?"

"कोणाचं?"

"अभ्यासाचं! पश्चिमेकडे तोंड करून आजवर कोणाला विद्या आली आहे?"

पूर्वेच्या भिंतीला फ्रीज होता. तिथे टेबल यायचं तर फ्रीज हलायला हवा. फ्रीज पॅसेजमध्ये गेला. तिथे त्याचं दार उघडलं की देवघराचं दार बंद व्हायचं, म्हणजे दूध घ्यायचं तर देव कोंडायचे. शिवाय वायर पोचेना, म्हणून पोपटरावांनी एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड लावला. त्याच बोर्डावर टेबललॅम्प, त्यावरच मिक्सर. सकाळी दक्षताने चटणी वाटायला घेतली आणि खाली मीटरच्या खोलीत काहीतरी फटकन वाजलं. नुसती खराड्यांची वीज गेली असती तर प्रश्न नव्हता, पण त्याबरोबर पाण्याचा पंपही बसला. ऐन आंघोळीच्या वेळी सगळी नवचैतन्य सोसायटी अंगाला साबण लावून जिन्यात उभी राहिली.

"बी.ए. किती वर्षांचं असतं हो?" तळमजल्यावरून कोणीतरी ओरडून विचारलं. "तोवर टँकर सांगून ठेवू."

एवढं सगळं होऊन अभ्यास काय झाला, हे बघायला दक्षताने एका रविवारी सराव परीक्षा घेतली.

"आई, धनविधेयक पहिल्यांदा कुठे मांडलं जातं?"

वासंतीबाईंनी डोळे मिटले. त्यांना पिवळी पाटी लख्ख दिसली. "डाळीच्या डब्यावर," त्या म्हणाल्या.

"आणि राज्यसभा?"

"कडी लावून घ्यावी लागते."

सगळे हसले. पोपटराव तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वासंतीबाईही हसल्या, कारण न हसलं तर रडू येईल अशी वेळ आली होती. चाचणी तोंडावर आली होती. त्या रोज सकाळ-संध्याकाळ त्या पाट्यांकडे टक लावून बघत, आणि पाट्या तितक्याच निर्विकारपणे त्यांच्याकडे बघत. आपलं डोकंच गंजलं, आपण उगाच गावभर दवंडी पिटली, लिमये म्हणाला तेच खरं, असं त्यांना पहिल्यांदा वाटायला लागलं. आणि तसं वाटलं याचाच त्यांना जास्त राग आला.

त्यात कॉलेजने सांगितलं की गॅप सर्टिफिकेट आणा. बारावी आणि आता, यांच्यामध्ये जो खंड पडला त्यात आपण दुसरीकडे कुठे शिकत नव्हतो, असं प्रतिज्ञापत्र. शिवाय बारावीची मार्कशीट 'वासंती मारुती ढमाळ' या नावाने.

"ही मुलगी कोण?" कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं.

"मीच."

"पुरावा?"

"मी आहे ना पुरावा," पोपटराव मधे म्हणाले. "मी हिच्याशी लग्न केलंय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मग वासंतीबाईंकडे बघितलं. वासंतीबाईंना त्या नजरेत सहानुभूती दिसली. पण सहानुभूतीवर शिक्का मारता येत नाही, त्यामुळे लग्नाचा दाखलाही आणायचा ठरला.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा ठाण्याला. कोर्टाच्या बाहेर छत्री लावून बसलेल्या एका टायपिस्टसमोर वासंतीबाई उभ्या राहिल्या. तो मजकूर नेहमीचाच, भराभर टाइप करत होता. एका ओळीवर थांबून त्याने मान वर न करता विचारलं, "मधली वर्षं काय करत होत्या?"

"काही नाही," पोपटराव म्हणाले. "घरीच होती."

टायपिस्टने 'घरगुती कारणास्तव' असं टाइप केलं आणि कागद बाहेर काढला. वासंतीबाईंनी सही केली.

काही नाही! अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कूस बदलून कोण देत होतं? मुलाची, दर्शनची, दहावी-बारावी कोणी काढली? एसटीच्या संपात घरात बसून हे भिंतीकडे बघत होते तेव्हा आजूबाजूच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन चूल कोणी पेटती ठेवली? सोसायटीला नळाची नवी जोडणी मिळावी म्हणून आठ बायकांना घेऊन महापालिकेत कोण गेलं होतं? त्याच पाइपाच्या पाण्याने आंघोळ करून लिमये सभेला येतो! वासंतीबाई रिक्षात तोंड फिरवून बाहेर बघत बसल्या. पोपटरावांना वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

पोपटराव एसटीचे, त्यामुळे ठाण्याहून परतायचं म्हणजे खोपट डेपोतून कल्याणची गाडी आणि पुढे रिक्षा. रेल्वे त्यांच्या लेखी परकी होती. दोघं बाकावर बसले. समोर चौकशीची खिडकी, आत आता दुसराच कोणीतरी. गाडीला अवकाश होता, तेवढ्यात उजळणी व्हावी म्हणून पोपटराव म्हणाले, "सांग बघू, राज्यसभा किती वर्षांनी बरखास्त होते?" आणि सवयीप्रमाणे स्वतःच उत्तर दिलं, "पाच."

"काय?" वासंतीबाई म्हणाल्या.

"पाच वर्षांनी. सगळं पाच वर्षांनीच असतं."

"राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही!" वासंतीबाईंचा आवाज फलाटाच्या त्या टोकाला पोचला. "कधीच नाही! एकेक सदस्य सहा वर्षांसाठी असतो, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात, त्यांच्या जागी नवे येतात. सभागृह तसंच राहतं! तुम्ही निवृत्त झालात म्हणून डेपो बंद पडला का?"

"अगं हळू... ते राज्यपालांचं असेल मग. त्यांना मुख्यमंत्री नेमतात ना, म्हणून माझा गोंधळ..."

"राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात! मुख्यमंत्र्यांना राज्यपाल नेमतात! उलटं सांगता, आणि तेही छातीठोक!"

"बरं, धनविधेयक तरी राज्यसभेतच..."

"लोकसभेत! आधी लोकसभेत! राज्यसभेने चौदा दिवसांत परत पाठवायचं, अडवून ठेवायचं नाही! डाळीच्या डब्यावर तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच वाचलं नाहीत! म्हणे बोर्ड वाचावा!"

आजूबाजूला माणसं जमली होती. एक कंडक्टर तिकिटाचं मशीन काखेत धरून ऐकत उभा राहिला. शहाडची एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन पुढे सरकली. "मावशी, एकदम करेक्ट बोलताय," कॉलेजच्या बॅगेवाला एक पोरगा म्हणाला, "मी क्लासला हेच शिकलेलो." पोपटराव आणखी दोन गोष्टी बोलले आणि त्या दोन्हीही चुकल्या. आणि मग वासंतीबाई एकदम गप्प झाल्या, कारण त्यांच्या लक्षात आलं की गेला सगळा महिना जे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते आत्ता एकही शब्द न अडखळता बाहेर आलं होतं. बघून नाही, ऐकून नाही, लिहूनही नाही. समोरचा ठामपणे चुकीचं बोलला की बरोबर काय ते त्यांना आतून उसळून आठवत होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "अजून काहीतरी बोला ना."

तेवढ्यात कल्याणची गाडी निघून गेली. पोपटरावांच्या हयातीत त्यांची चुकलेली ही पहिली गाडी. ती जाताना ते हात वर करून उभे राहिले, पण ओरडले नाहीत.

घरी आल्यावर वासंतीबाईंनी पदर खोचला आणि स्टूल घेऊन सगळ्या पाट्या उतरवल्या. राज्यसभेपासून सुरुवात केली. फ्रीज जागेवर आला, देव सुटले.

"आई, रिपोर्टमध्ये तर..." दक्षता म्हणाली.

"तो रिपोर्ट तुझ्या सासऱ्यांचा आहे. त्यांना बी.ए. करायचं असेल तेव्हा काढू," वासंतीबाई म्हणाल्या आणि पोपटरावांकडे वळल्या. "आजपासून रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसायचं. मी विषय सांगेन, तुम्ही उत्तर द्यायचं."

"मुद्दाम चुकीचं सांगू म्हणतेस?" पोपटराव दुखावल्या आवाजात म्हणाले.

"मुद्दाम नको. मनापासून सांगा. जे चुकायचं ते आपोआप चुकेल."

हे वाक्य पोपटरावांना फार लागलं, आणि लागावं अशीच वासंतीबाईंची इच्छा होती. पण बसले बिचारे. रोज संध्याकाळी खराड्यांच्या घरातून "सपशेल चूक!", "कोणी सांगितलं तुम्हाला?", "आयुष्यभर हेच केलंत!" असे आवाज यायला लागले. बिल्डिंगमध्ये लगेच कुजबुज झाली की शिक्षणापायी संसार मोडतोय. निशाताई डोळे पुसत आल्या आणि ईशान्येला मीठ ठेवून गेल्या. ते मीठ दक्षताने साखर समजून चहात घातलं, आणि तो चहा निशाताईंनाच दिला गेला.

पण खरं संकट वेगळंच आलं. एका संध्याकाळी वासंतीबाईंनी विचारलं, "राज्यसभेचे अध्यक्ष कोण?" आणि पोपटराव शांतपणे म्हणाले, "सभापती म्हणतात. उपराष्ट्रपती असतात पदसिद्ध."

वासंतीबाईंनी वाट बघितली. आतून काहीच उसळलं नाही.

पुढचं उत्तरही बरोबर, त्याच्या पुढचंही. उलटतपासणी घेतल्यावर कळलं की अपमान सहन न होऊन पोपटराव चोरून अभ्यास करायला लागले होते. उतरवलेल्या पाट्या त्यांनी पलंगाखाली ठेवल्या होत्या आणि दुपारी त्या वाचत बसत. शेवटी तो अहवाल त्यांचाच होता, त्यामुळे पाट्या त्यांना भराभर पाठ होत होत्या.

"परीक्षा चार दिवसांवर आणि तुम्ही शिकायला लागलात?" वासंतीबाईंनी कपाळाला हात लावला. "वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात लिमये उभे होते. सोसायटीच्या वतीने समेट घडवायला आले होते. "पोपटराव, वहिनी, असं बघा," ते खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले, "घर म्हणजे एक छोटं राज्यच असतं. आता राज्यात कसं, राष्ट्रपती राजवट कोण लावतं? मुख्यमंत्री. आपल्याला वाटेल तेव्हा. तसं घरात..."

वासंतीबाईंचे डोळे चमकले. "बसा हो भाऊजी," त्या म्हणाल्या, "चहा टाकते. तुम्हाला घटनेचं आणखी काय काय माहीत आहे?"

लिमयांना पुष्कळच माहीत होतं, आणि ते सगळंच चुकीचं होतं. त्या दिवसापासून ते रोज यायला लागले. आपण एक संसार वाचवतोय अशी त्यांची समजूत होती. ती मोडायची गरज कोणालाच वाटली नाही.

चाचणीच्या दिवशी वासंतीबाई ठाण्याच्या त्या वर्गात बसल्या तेव्हा बाक अरुंद होता आणि बाजूला मुलाच्या वयाची दोन पोरं होती. प्रश्नाखाली चार-चार पर्याय. पहिला प्रश्न वाचून त्यांना काहीच आठवेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि हे उत्तर लिमयांनी कोणतं दिलं असतं याचा विचार केला. ते लगेच कळलं. मग जुन्या, अभ्यासाआधीच्या पोपटरावांचं उत्तर आठवलं. उरलेल्या दोहोंत निवड करणं अवघड नव्हतं. मधेच एकदा त्या "चूक!" असं मोठ्याने म्हणाल्या आणि बाजूच्या पोराने घाबरून आपलं उत्तर खोडलं.

मुलाखतीला पोपटराव पाण्याची बाटली आणि फाइल घेऊन दारापर्यंत आले, आणि दारातच उभे राहिले. आत एक वयस्क प्राध्यापिका आणि ऋतुराज सर म्हणून एक तरुण प्राध्यापक होते. लेखीत मार्क चांगले होते, ते त्यांनी आधीच सांगितलं.

"फक्त एक विचारायचं आहे," प्राध्यापिका प्रतिज्ञापत्र बघत म्हणाल्या. "शेवटची तुकडी आहे, जागा थोड्या आहेत. वर्ग मधेच सोडून जाणारी माणसं आम्हाला नको आहेत. बारावीनंतर एवढा मोठा खंड. इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात?"

दारातून आवाज आला, "काही ना..."

आणि थांबला. पोपटरावांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. दुसऱ्या हातातली बाटली खाली पडली आणि घरंगळत टेबलापर्यंत आली. ती उचलायला ते पुढे आले नाहीत.

वासंतीबाईंनी दाराकडे बघितलं नाही. ताठ बसून म्हणाल्या, "मॅडम, त्या कागदावर खंड लिहिलंय ते चूक आहे. मी सासूला सांभाळलं, मुलाला शिकवलं, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं, बिल्डिंगला पाणी आणलं. आणि हे सगळं करताना माझ्या वतीने जो जो जे जे चुकीचं बोलला, ते मी मनातल्या मनात दुरुस्त करत आले. एकही दिवस खाडा न करता. आता मला ते मोठ्याने करायचं आहे. मी वर्ग सोडणार नाही. तुम्ही शिकवताना चुकलात तर मात्र बोलेन."

ऋतुराज सर खुर्चीत जरा सावरून बसले. प्राध्यापिका हसल्या आणि त्यांनी फाइल मिटली. खोलीबाहेर आल्यावर पोपटरावांचे डोळे लाल झालेले दिसले. "धूळ फार आहे इथे," ते म्हणाले. हे उत्तर चूक होतं, पण वासंतीबाईंनी ते दुरुस्त केलं नाही.

प्रवेशाची यादी लागली त्याच आठवड्यात सोसायटीची विशेष सभा होती. विषय अर्थात गच्चीची गळती. लिमयांनी पुन्हा काहीतरी नवंच मांडलं. पोपटरावांच्या शेजारच्या खुर्चीवरून वासंतीबाई उठल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, जुना ठराव रद्द न करता नवा कसा करता? लिमयांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पोपटरावांकडे मदत मागितली. "पोपटराव, तुम्हीच सांगा बुवा. कायदा काय म्हणतो?"

सगळ्यांच्या माना पोपटरावांकडे वळल्या. त्यांना उत्तर माहीत होतं. या खेपेला ते बरोबरही होतं. त्यांनी तोंड उघडलं, समोर रांग असल्यासारखं सगळ्यांकडे एकवार बघितलं, आणि डेपोत जेवणाच्या सुट्टीला लावत त्या जुन्या आवाजात म्हणाले,

"ही खिडकी बंद आहे. शेजारच्या खिडकीवर विचारा."